चाकणच्या बळदातले स्फटिक

नागपूरहून कोणी पुण्याकडे निघालं की ते लग्न जमवायला निघालं आहे, असं आमच्या गल्लीत गृहीत धरतात. मी निघाले होते पिंपरीला, एका औषधाच्या कारखान्यातून मोहरीहून बारीक खड्यांची एक बाटली आणायला. हे कारण मी सगळ्यांना खरंखरं सांगितलं आणि कोणालाच ते पटलं नाही. शेजारच्या काकूंनी तर "मुलाचं नाव सांगायचं नसेल तर नको सांगूस" म्हणून राग धरला.

तेव्हा मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत संशोधन करत होते. पदार्थाचा स्फटिक क्ष-किरणांच्या वाटेत ठेवला की किरण त्यातल्या अणूंवरून चहूकडे विखुरतात आणि फिल्मवर काळ्या ठिपक्यांची रांगोळी उमटते. त्या ठिपक्यांवरून उलटा हिशेब करत जायचं आणि आत अणू कुठे कुठे बसले आहेत त्याचं चित्र काढायचं, हे आमचं काम. कुठल्याही भिंगातून जे दिसत नाही ते बेरजा करून पाहायचं. प्रत्येक ठिपका म्हणजे एक लाट. सगळ्या लाटा एकमेकींवर रचल्या की जिथे उंचवटा येईल तिथे अणू. अडचण एकच होती. ठिपका किती काळा आहे यावरून लाट केवढी ते कळतं, पण ती अधिक धरायची की उणे हे फिल्म सांगत नाही. आम्ही एकाच बाजूने दिसणारं सपाट चित्र काढत होतो म्हणून प्रश्न अधिक-उण्यावर तरी भागत होता. नाहीतर तो याहून वाईट असतो. असे दोनशेच्या वर ठिपके आमच्याकडे होते. सरांनी अंदाजाने चिन्हं बसवून दिली होती आणि दोन वर्षं मी त्यांच्या बेरजा करत होते. दर वेळी चित्र यायचं ते ताटात सांडलेल्या वरणासारखं.

त्याच पदार्थात एखादा जड अणू बसवून स्फटिक मिळाले, तर तो जड अणू आपल्या दांडग्या लाटेने बाकीच्यांची चिन्हं उघडी पाडतो. असे स्फटिक आपण वाढवले आहेत, असं पिंपरीच्या एका रसायनतज्ज्ञाचं पत्र सरांना आलं. टपालाने पाठवण्याजोगी वस्तू नव्हती, आणि सरांना दम्यामुळे प्रवास नको होता. राहिले मी. माझी शिष्यवृत्ती जूनअखेर संपत होती. तोवर चित्र निघालं नाही तर वर्ध्याच्या शाळेत मुलींना भूगोल शिकवायचा, असं वडिलांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. माझा भूगोल वाईट आहे.

एकटीने जायचं तर नाहीच, म्हणून बरोबर आत्या आली. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, वय पंचावन्न, आणि जगातली कुठलीही वस्तू घासून स्वच्छ होते यावर तिचा गाढ विश्वास.

पिंपरी

विदर्भ मुंबई राज्यात येऊन सहा महिने झाले होते, त्यामुळे आपल्याच राज्यात आहोत असं आत्या स्टेशनवर उतरताना म्हणाली खरी, पण मुक्काम परदेशी असल्यासारखी ट्रंक घट्ट धरून होती. उन्हाचं तिने कौतुक केलं. "इथं मे महिना आहे का? आमच्याकडे याले हिवाळा म्हणतात," असं तिने आम्हांला घ्यायला आलेल्या दिनकररावांना सांगितलं.

दिनकरराव म्हणजेच ते पत्र लिहिणारे रसायनतज्ज्ञ. वय तिशीचं, खेड तालुक्यातल्या शेतकऱ्याघरचे. आमची ट्रंक त्यांनी सायकलीच्या कॅरिअरवर बांधली आणि सबंध रस्ता एका हाताने हँडल, दुसऱ्याने ट्रंक सांभाळत ते स्फटिकांविषयी बोलत राहिले. दोन्ही बाजूंना कापणी झालेली मोकळी रानं, मधेच बाभळी, आणि त्यात एकदम नवाकोरा पांढरा कारखाना. जवळ गेल्यावर वास आला. ओल्या तळघराचा आणि आंबलेल्या पिठाचा, दोन्ही एकत्र.

"हे काय करता म्हणता तुम्ही?" आत्याने पदर नाकाला लावला.

"बुरशी वाढवतो, आत्याबाई. मोठमोठ्या टाक्यांत. तिच्यातून औषध निघतं."

"मुद्दाम वाढवता?"

"मुद्दाम."

"आमच्याकडे लोणच्याले बुरशी आली तं सुनेले आठ दिवस बोलणी बसतात. आन् इथं सरकार त्यासाठी इंजिनिअर ठेवते?"

दिनकररावांना हसू आवरेना. पुढे दोन दिवस ते कारखान्यातल्या एकेका माणसाला बाहेर बोलावून आत्याचं हे वाक्य तिच्याकडूनच ऐकवत होते.

प्रयोगशाळेत त्यांनी बाटली दाखवली. बोटाएवढी, बुडाशी पिवळट गढूळ पाणी, आणि पाण्यात तळाला सात-आठ कण. मी भिंगातून पाहिलं. एकेक कण खडीसाखरेसारखा कोरीव, कडा सुरीने तासल्यासारख्या. "हे त्यांच्याच पाण्यात राहू द्यायचे," दिनकरराव म्हणाले. "कोरडे पडले की आतलं पाणी उडून जातं आणि उभ्या उभ्या पूड होते." मी मान डोलावली. आत्या तेव्हा छताचा पंखा पाहत होती. पंख्याच्या पात्यांवर धूळ होती.

नमुना बाहेर न्यायला वरिष्ठांची सही लागणार होती आणि ते मुंबईला गेलेले. तीन दिवस थांबावं लागलं.

रहाटणी

आमची सोय दिनकररावांनी रहाटणीला सखुबाईंच्या घरी केली होती. ते स्वतः त्यांच्याकडेच भाड्याने राहत, आणि बायको बाळंतपणाला चाकणला माहेरी गेल्याने त्यांची खोली रिकामी होती. ते मित्राकडे झोपायला जात. सखुबाईंचं घर शेतकऱ्याचं, पण थोरला मुलगा नुकताच कारखान्यात लागल्याने घरात दोन वेळापत्रकं चालत. एक गाईचं, एक शिफ्टचं.

सकाळी मी ओसरीवर बसून माझी पेटी उघडली. सरांनी बजावलं होतं, प्रवास आहे म्हणून बेरजा थांबता कामा नयेत. पेटीत पुठ्ठ्याच्या शेकडो अरुंद पट्ट्या होत्या. प्रत्येक पट्टीवर एका लाटेचे आकडे ओळीने छापलेले. हव्या त्या पट्ट्या काढून एकीखाली एक मांडायच्या आणि उभ्या बेरजा करायच्या. एका चित्राला अशा हजारो बेरजा. पट्टी काढायची, मांडायची, ओठ हलवत मोजायचं, लिहायचं, परत ठेवायची.

सखुबाई दारात उभ्या राहून बराच वेळ पाहत होत्या. "आत्याबाई, ह्ये ताई काय करत्यात?"

"गणित आहे," आत्या म्हणाली.

"कशाचं?"

इथे आत्याने विचार करून, अगदी प्रामाणिकपणे उत्तर दिलं. "जे डोळ्यानं दिसत नाही, ते कुठं आहे ते काढायचं."

दुपारपर्यंत ओसरीवर चार बाया बसल्या होत्या. एकीची म्हैस दोन दिवस सापडत नव्हती.

मी परोपरीने सांगितलं की हे ज्योतिष नाही. ऐकून बाई हिरमुसली. "पुण्यातलं लोक असंच म्हनत्यात. गरिबाला सांगायचं न्हाई," ती म्हणाली. मी पुण्याची नाही, हेही तिला पटलं नाही. शेवटी आत्याला तिची दया आली. तिने पेटीतली एक पट्टी उपसली, डोळ्यांजवळ नेली आणि वाचली: "उणे सत्तेचाळीस." मग पट्टी खाली ठेवून म्हणाली, "उणे म्हणजे कमी. म्हणजे लांब गेली नाही. जवळपास पाहा."

म्हैस शेजारच्या थेरगावात सापडली.

पुढचे दोन दिवस माझ्या बेरजांना काय अवकळा आली ते सांगण्यात अर्थ नाही. एकीला जावई कधी न्यायला येणार ते हवं होतं, एकीला विहिरीला पाणी कुठे लागेल ते. आत्या पट्ट्या काढून वाचत होती आणि परत ठेवताना भलत्याच खाचेत घालत होती. तिसऱ्या दिवशी पुनावळ्याहून एक म्हातारे गृहस्थ चालत आले. फेटा काढून मांडीवर ठेवला आणि त्यांनी विचारलं, "आमच्या रानावर कारखाना येनार हाय म्हनत्यात. खरं का?"

आत्यानेही यावेळी पेटीला हात लावला नाही. "बाबा, हे मला सांगता येणार नाही," मी म्हणाले.

"म्हशीचं सांगता आन् रानाचं न्हाई?" ते शांतपणे म्हणाले, चहा प्यायले आणि आले तसे चालत गेले. त्या दिवशी मी पुन्हा पेटी उघडली नाही.

संध्याकाळी सही झाली. दिनकररावांनी बाटली आणि कागद दोन्ही माझ्या हातात दिलं. मी बाटली आमच्या खोलीतल्या कोनाड्यात, सगळ्यात थंड जागी ठेवली आणि सखुबाईंच्या विहिरीवर पाय धुवायला गेले. पंधरा मिनिटंही लागली नसतील.

परत आले तर आत्या खिडकीशी उभी राहून काहीतरी उजेडात धरून पाहत होती. चेहऱ्यावर समाधान.

"शकू, एवढी महागाची वस्तू आन् घाण पाण्यात काऊन ठेवून राहिली होतीस? मी ओतलं ते मोरीत. खडे काढून घेतले फडक्यावर. बाटली राखेनं घासली पाहा, कशी आरशासारखी झाली!"

फडक्यावर पिठाची चिमूट होती. पांढरी, मऊ, आकार नसलेली.

मी रडले की ओरडले ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते आत्याचं तोंड. तिने ते फडकं चार पदरी घडी घातलं, ट्रंकेत तळाशी ठेवलं, आणि त्या रात्री जेवली नाही. तिचं ते गप्प बसणं मला बाटलीहून जड झालं. त्यामुळे सकाळी दिनकररावांसमोर गेले तेव्हा मी ठरवून खोटं बोलले. म्हटलं, "उन्हाने बिघडले. खोली तापली असेल."

दिनकररावांनी पूड भिंगाखाली पाहिली आणि खुर्चीत बसले. मग कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि ते खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, एक सांगायचं राहिलं होतं. म्हणजे मुद्दामच राहिलं होतं."

स्फटिक वाढायला शांतता लागते. हादरा नको, ऊन-थंडीचा फरक नको. कारखान्यात मोटारी सतत चालतात, जमीन थरथरते. इथले स्फटिक वाढले ते नशिबाने. म्हणून त्याच द्रावणाच्या आणखी दोन बाटल्या दिनकररावांनी चाळीस दिवसांपूर्वी एका अत्यंत शांत जागी नेऊन ठेवल्या होत्या. ती जागा म्हणजे त्यांच्या सासुरवाडीचं धान्याचं बळद.

"आमच्या सासूबाईंच्या घरी सगळं वाढतं," ते म्हणाले. "पण हे कागदावर कसं लिहायचं, म्हणून बोललो नव्हतो." त्यांची शिफ्ट सुटणार नव्हती. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि एवढंच म्हणाले, "सासूबाई जरा कडक आहेत."

चाकण

भोसरीवरून एस.टी. मिळाली. मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडला की रस्ता दोन्हीकडून कांद्याच्या वासाने भरतो. बाजाराचा दिवस होता. चाकणच्या पेठेत गाड्या सोडलेल्या, बैल रवंथ करत बसलेले, आणि कांद्या-बटाट्याचे ढीग असे की माणसं त्यांच्या आडून एकदम समोर येतात. नागपूरला संत्र्यांचे असे ढीग असतात. पण तिथे लोक वास घेऊन थांबतात, इथे डोळे पुसत पुढे जातात.

चंद्राबाई, म्हणजे दिनकररावांच्या सासूबाई, दारातच भेटल्या. उंच, काळ्यासावळ्या, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. आम्ही कोण, कुठल्या, हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आधी जेवा."

ताटात भाकरी, कांदा, तिखटजाळ रस्सा आणि जाड वड्यांचे काप. "मासवडी हाय," त्या म्हणाल्या.

आत्याने ताट दोन बोटं पुढे सरकवलं. "मी मासे खात नाही."

"मासं कुठलं? बेसन हाय. आत खोबरं, तीळ."

"नाव मासवडी आन् आत मासा नाही?"

"मग तुमच्यात कसली वडी करत्यात?"

"सांबारवडी," आत्या ताठ बसून म्हणाली.

चंद्राबाईंनी कपाळाला हात लावला. "सांबराची? हरनं मारून वड्या करता आन् माझ्या बेसनाला नाकं मुरडता?"

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे समजावण्यात बराच वेळ गेला. त्या वेळात आत्याने चार काप खाल्ले आणि पाचवा मागून घेतला.

जेवण झाल्यावर मी चिठ्ठी दिली. चंद्राबाईंनी ती उलटसुलट पाहिली आणि कनवटीला खोचली.

"जावईबापू न्हाई आलं?"

"त्यांची शिफ्ट आहे. म्हणून तर चिठ्ठी दिली."

"चिठ्ठी काय, कुनीबी लिवंल. त्यांनी सांगितलंय, मी सोता आल्याबिगर बळदाचं दार उघडायचं न्हाई. पोतं हलवायचं न्हाई. घरात उखळ वाजवायचं न्हाई. चाळीस दिस झालं, मी शेजारनीच्या घरी जाऊन मिरची कांडतीया."

आतल्या खोलीतून कमलचा, दिनकररावांच्या बायकोचा, आवाज आला. "आई, मला दाव. मी अक्षर वळखीन."

"तू उठू नगंस. तुलाबी हलायचं न्हाई सांगितलंय." मग माझ्याकडे वळून, "जावईबापू म्हनलं हुतं, कारखान्यातली बाटली नागपूरला द्यायची. तिचं काय झालं?"

"ती उन्हाने खराब झाली," मी म्हणाले. एका सकाळीत हे वाक्य मला सवयीचं झालं होतं.

"उन्हानं?" चंद्राबाईंनी दारातून बाहेर पाहिलं. अंगणात पांढरंधोट ऊन पडलं होतं. "मग हीबी हुईल की. जातानाबी उन्हातनंच न्हेनार न्हवं?"

दोन वर्षांच्या संशोधनात मला कोणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. जून डोळ्यांसमोर आला, आणि वर्ध्याच्या शाळेतला जगाचा नकाशा.

आत्याने हात पुसले आणि पुढे सरकून बसली.

"उन्हानं नाही झाली, बाई. मी ओतली. पाणी घाण दिसलं, मोरीत ओतलं. ही पोरगी सकाळपासून माझ्यासाठी खोटं बोलून राहिली, तुमच्या जावयाशीही बोलली. तिनं कधी खोटं बोललेलं मी पाहिलं नाही. हिची दोन वर्षं मी मोरीत ओतली, आन् वर बाटली राखेनं घासून हिलेच दाखवली."

बाहेरून एक बैलगाडी गेली.

"राखंनं घासली?" चंद्राबाईंनी विचारलं.

"राखेनं."

"मंग? निघाली का चांगली?"

"लखलखीत," आत्या म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

चंद्राबाईंचं तोंड आधी थरथरलं. मग पोटातून असं हसू आलं की त्या भिंत धरून खाली बसल्या. "लखलखीत म्हनं! अगं बया!" आतून कमल हसायला लागली. "आई, पुरं! मला हसवू नगं, दुखतंय!" डोळे पुसता पुसता आत्याही हसू लागली. मी एकटीच गंभीर होते, आणि तेही फार वेळ जमलं नाही.

चंद्राबाई उठल्या, कमरेची किल्ली काढली. "आपली चुकी आपल्या तोंडानं सांगनारी बाई म्या पयल्यांदा बघतीया. चला. पन पाय आपटू नका."

बळद म्हणजे भिंतीच्या पोटातली धान्याची आंधळी कोठी. दार माणसाला वाकून जावं लागेल एवढं. आत गारवा, कडुलिंबाच्या पाल्याचा वास, ज्वारीची पोती. एका माठात ज्वारी भरून त्यात गळ्यापर्यंत पुरलेल्या दोन बाटल्या. चंद्राबाईंनी एक बाटली दुधाचं विरजण काढावं तशी अलगद उचलली. दारातल्या उजेडात मी भिंग लावलं. कारखान्यातल्याहून दुपटीने मोठे होते, आणि एकाही कडेला चीर नव्हती.

मी भिंग चंद्राबाईंच्या हातात दिलं. चाळीस दिवस राखण करूनही त्यांनी ते कधी पाहिले नव्हते. त्या कितीतरी वेळ डोळा लावून होत्या.

"आत काय हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"तेच पाहायचं आहे."

"मंग फोडून बघा की."

"फोडलं तर आणखी बारीक खडा निघेल. आत जे आहे ते त्याहून कितीतरी बारीक." मागच्या दारातून त्यांचं वांग्याचं वावर दिसत होतं, रोपं चौफुलीवर, म्हणजे चारी बाजूंनी सारख्या अंतरावर लावलेली. मी ते दाखवलं. "इथून पाहिलं तर रोपांच्या रांगा सरळ दिसतात. चार पावलं चाललात की तिरक्या रांगा उघडतात, आणखी चाललात की वेगळ्या. समजा वावर दिसतच नाही, रांगा कुठून कुठून उघडतात एवढंच कळतं. तेवढ्यावरून दोन रोपांत अंतर किती, ते सांगायचं."

"दोन हात," त्या ताबडतोब म्हणाल्या. "म्याच लावल्यात."

"या खड्यातली रोपं कोणी लावली ते विचारता येत नाही ना. म्हणून गणित."

"व्हय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला. मग बाटली माझ्या हातात दिली. दुसरीला हात लावू दिला नाही. "एक न्या. एक ऱ्हाऊ द्या हितं. सगळं एकदम कुनी न्हेतं व्हय?"

त्या आम्हांला एस.टी.पर्यंत पोचवायला आल्या. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून एका लोट्यात उभी केली होती, लोटा माझ्या दोन्ही हातांत. चंद्राबाईंनी ड्रायव्हरला खिडकीतून खाली बोलावलं. "ह्या ताईंच्या हातात काय हाय ठावं हाय का? न्हाई ना? मलाबी धड न्हाई. पन गचका बसला तर पुढल्या बाजारी माझ्याशी गाठ हाय." ड्रायव्हरने खरोखरच गाडी अशी चालवली की मोशीपर्यंत तीन बैलगाड्या आमच्या पुढे गेल्या. शेजारच्या माणसाने बराच वेळ लोट्याकडे पाहिलं, इंद्रायणीच्या पुलावर आल्यावर चपला काढल्या आणि हात जोडले. आत्याने त्याला काही समजावून सांगितलं नाही. कालपासून ती कोणालाही काही समजावत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दिनकरराव स्टेशनवर धावतपळत आले, हातात पेढ्यांचा पुडा. मुलगी झाली होती. "तुम्ही निघालात आणि तासाभरात कमलला कळा सुरू झाल्या. सासूबाई म्हणतात, हसून हसून!" आत्याने पेढा हातात घेतला, पण तोंडात घालण्याआधी त्यांनाही सगळं सांगितलं. दिनकररावांनी ऐकून घेतलं, खिशातून वही काढली आणि विचारलं, "आत्याबाई, पाणी ओतल्यापासून पूड व्हायला साधारण किती मिनिटं लागली?" आत्याने आठवून सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

नागपूर

स्फटिक पोचले. पाणी सुटू नये म्हणून एकेक काचेच्या केसासारख्या नळीत बंद करून मी फिल्मा काढल्या. जड अणू कुठे बसला आहे ते आठवड्यात सापडलं, आणि त्याच्या आधाराने ठिपक्यांची चिन्हं एकेक करून ठरत गेली. जून संपत आला तेव्हा सर स्वतः प्राचार्यांकडे गेले आणि माझ्यासाठी आणखी दोन महिने मागून आले. मी बेरजा करत राहिले. आत्या रोज बाराला डबा घेऊन प्रयोगशाळेत यायची आणि मी जेवेपर्यंत कोपऱ्यातल्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसायची. कशालाही हात लावायची नाही. खिडकीच्या काचा अत्यंत घाण होत्या, तरी नाही.

ऑगस्टमधल्या एका दुपारी आकडे संपले. मोठ्या कागदावर मी सारख्या आकड्यांमधून रेषा ओढत गेले, नकाशात डोंगरांच्या उंचीच्या ओढतात तशा. वरणाचा पत्ता नव्हता. स्वच्छ, गोल, वेगळ्या वेगळ्या टेकड्या उभ्या राहिल्या, आणि मधोमध त्यांचं एक कडं. शेवटची रेषा ओढण्याची घाई झाली म्हणून ती वाकडी आली आहे.

सर आले. पदार्थात सहा अणूंचं कडं आहे असं त्यांनी पहिल्यापासून धरलं होतं, आणि आमची दोन वर्षांची सगळी चिन्हं त्या सहांवर उभी होती. ते कागदावर वाकले. पेन्सिलीच्या टोकाने टेकड्या मोजल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा मोजल्या.

"शकुंतलाबाई, तुम्ही मोजा."

मी मोजल्या. "पाच, सर."

त्यांनी आकड्यांच्या वह्या मागवल्या. चार ठिकाणच्या बेरजा स्वतः करून पाहिल्या. बेरजा बरोबर होत्या. मग ते कागदापासून दोन पावलं मागे सरले आणि इतक्या वर्षांत मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात, स्वतःशीच म्हणाले, "पाचच आहेत. मग सहावा गेला कुठे?"

कोपऱ्यातून आत्या म्हणाली, "नव्हताच, तं जाईन कुठी?"